कस्तुरीचा कान

बेलसरीत नितेश येऊलचा चेहरा न ओळखणारी माणसं पुष्कळ होती, पण त्याचा आवाज न ओळखणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. पिवळी बॅटरी-रिक्षा, टपावर जुना भोंगा आणि मांडीवर माईक, एवढंच त्याचं दुकान. साड्यांचा सेल, नळाला पाणी न येण्याचा वार, कोणाची हरवलेली म्हैस, कोणाच्या मयताची वेळ, गावाला सगळं नितेशकडून कळायचं. मध्यंतरी नगर परिषदेने हौसेने मशीनचा आवाज आणला होता. आवाज गोड, उच्चार अगदी छापील. पण उद्या पाणी येणार नाही हे मशीनने दिवसभर घोकूनही अर्ध्या गावाने हंडे भरले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी नगराध्यक्षांच्या नावाने बोटं मोडली. आठवड्याच्या आत नितेशला परत बोलावणं आलं.

घरी आला की हा गावचा भोंगा एकाच माणसाच्या चाकरीत असायचा. ते माणूस सात वर्षांचं होतं आणि त्याचं नाव कस्तुरी. रिक्षाची घंटी वाजली की कस्तुरी दाराआड जाऊन उभी राहायची. नितेश चपला काढायचा, तोंडापुढे मूठ धरायचा आणि सुरू व्हायचा, "ऐका होऽ ऐका! येऊलांच्या घरची राजकन्या हरवली हाय! रंग सावळा, दात दोन पडलेले, नाक वाहून रायलं! कोनाले सापडली तं आनून द्या होऽ!" दाराआडून आधी खुसखुस, मग "नाक नाई वाहून रायलं!" असा निषेध, आणि मग बापाच्या पोटावर धडक. शेजारणी म्हणायच्या, रोज एकच तमाशा कसा काय पुरतो या दोघांना? पण बापलेकीचं पोट त्यावरच भरत असे.

ज्या माणसाला देवाने एवढा गळा दिला, त्याची आयुष्यात एकदा बोबडी वळली होती. लग्नाआधीची गोष्ट. नागपूरच्या मालवाहू विमानतळावर नोकरी निघाली होती आणि नितेश मुलाखतीपर्यंत पोचला होता. तेव्हा प्रत्येकाच्या कानात तो दुभाषी मणी आलेला होता. समोरचा कोणत्याही भाषेत बोलो, कानात मराठी ऐकू येई; आपण मराठी बोलावं, समोरच्याच्या कानात त्याची भाषा. मग इंग्रजीची गरजच काय, असं सगळे म्हणत होते. पण मणी सगळ्यांकडे आला तेव्हाच मोठ्या साहेबलोकांनी नवी शिडी शोधून काढली. टेबलापलीकडची बाई हसून म्हणाली, "मिस्टर येऊल, कानातलं काढा. आता बोला." नितेशने मणी काढून टेबलावर ठेवला आणि त्यानंतर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. आपण तिथे नुसता घाम पुसत बसलो, हे तो बायकोलाही पुरतं सांगू शकला नव्हता.

म्हणून नगर परिषदेच्या शाळेत 'इंग्रजी आधार वर्ग' येतोय असं कळलं तेव्हा पालकसभेला पहिल्या रांगेत नितेश होता. बायको पल्लवी त्याच्या शेजारी बसली होती. ती शाळेतच खिचडी शिजवायची, त्यामुळे तिला मास्तरलोकांच्या भाषणांचं फारसं अप्रूप नव्हतं.

वर्गाच्या शिक्षिका इंगोले मॅडम अमरावतीहून आल्या होत्या. तरुण, उत्साही, आणि पोरांवर जीव टाकणाऱ्या. त्यांनी हातात एक मऊ निळी पट्टी धरली होती, कानामागून डोक्याला बसणारी.

"बाळ जन्मतं तेव्हा त्याला जगातल्या सगळ्या भाषांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात," त्या म्हणाल्या. "आपल्याला चिनी माणसाचे दोन शब्द सारखेच वाटतात, पण तान्ह्या बाळाला तो फरक कळतो. मग वर्ष भरायच्या आत मेंदू आवराआवर करतो. आपल्या माणसांच्या तोंडून रोज जे आवाज येतात तेवढे ठेवतो, बाकीचे अडगळीत टाकतो. त्यानंतर मेंदूतल्या पेशींभोवती एक बारीक जाळी विणली जाते आणि केलेली मांडणी घट्ट होते. म्हणून मोठेपणी शिकलेली भाषा घरात पाहुण्यासारखी वावरते. ही पट्टी कानामागे हलके चुंबकीय ठोके देते, आणि सकाळी चघळायची एक गोळी ती जाळी सैल करते. सहा आठवडे. तेवढे दिवस तुमच्या मुलांचा कान पुन्हा तान्ह्या बाळाचा होतो."

"मंग मोबाईलवर इंग्रजी लावून देलं तं?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाही चालत. हीच तर गंमत आहे. बाळ पेटीतल्या आवाजाकडून भाषा शिकत नाही. समोर बसलेल्या, त्याच्याकडे बघून हसणाऱ्या जिवंत माणसाकडूनच शिकतं. पेटीतला आवाज मेंदू पंख्याच्या घरघरीत जमा करून टाकतो. म्हणून तर मला इथे पाठवलंय."

नितेशचे डोळे चमकले. त्याच्या बापाचा पानमळा होता. "म्हंजे मॅडम, पानवेलीची उतरणच म्हना ना," तो म्हणाला. "वेल उंच गेली का आमी तिले खाली उतरवतो, बुडाशी गुंडाळून मातीत दाबतो. मंग थे नवी मुळं टाकते अन् पुन्हा वर चढते."

"अगदी बरोबर!" मॅडमना ते इतकं आवडलं की पुढच्या सगळ्या सभांत त्यांनी तोच दाखला दिला. मग त्यांनी नियम सांगितले. त्या सहा आठवड्यांत मुलांच्या कानावर इंग्रजी जास्तीत जास्त पडावं, मॅडम स्वतः संध्याकाळीही घरोघरी येतील, आणि घरी बोली जरा कमी ठेवावी.

"कमी म्हंजे किती, मॅडम?" नितेशने विचारलं.

मॅडम पुढच्या पालकाचा प्रश्न घ्यायला वळल्या होत्या. वळता वळता म्हणाल्या, "जितकं कमी तितकं चांगलं."

घरी येताना नितेशने ठरवून टाकलं. त्याची आजी श्रावणातले सोमवार मुके पाळायची. जेवून उठेपर्यंत तोंडातून शब्द नाही, मग घराला आग लागो. त्याच्या घराण्यात मौनाचं वावडं नव्हतं.

"मी घरात बोलनार नाई," त्याने पल्लवीला सांगितलं. "सहा हप्ते. मौन."

"आवो, मॅडम कमी म्हनाली. बंद करा असं कोठी म्हनाली?"

"जितकं कमी तितकं चांगलं म्हनाली. बंदपेक्षा कमी काय असते?"

"लेकराले भेव वाटन तुमचं."

"पुढं तिले कोनाचं भेव वाटू नये म्हनूनच करून रायलो मी."

पल्लवीने होकार काही दिला नाही. दुसऱ्या दिवशी कस्तुरीच्या कानामागे निळी पट्टी बसली आणि नितेशच्या तोंडाला कुलूप लागलं.

संध्याकाळी रिक्षाची घंटी वाजली. कस्तुरी दाराआड गेली. नितेशने चपला काढल्या, सवयीने मूठ तोंडाकडे गेली आणि तशीच खाली आली. दाराआडची खुसखुस सुरू झाली आणि थांबली. थोड्या वेळाने तिनेच डोकं बाहेर काढलं. "पप्पा, हरवली म्हना ना!" नितेशने ओठांवर बोट ठेवलं, तिच्या कानामागच्या पट्टीकडे बोट दाखवलं आणि खूप हसून दाखवलं. पोरीने त्याचे ओठ दोन बोटांनी उघडून पाहिले. मग ती आत गेली.

पुढचे काही दिवस ती दाराआड लपत राहिली, आणि नितेश रोज नुसता हसत राहिला. मग तिने लपणं सोडलं. नितेशला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तपाला बसलेल्या माणसाला जितका त्रास होतो तितका त्याचा विश्वास वाढत जातो, आणि नितेशचंही तेच झालं. जितकं जिवावर येई तितकं ते पोरीच्या खात्यावर पुण्य जमा होतंय असं त्याला वाटे.

पल्लवीने मात्र व्रतबित काही पाळलं नाही. वेणी घालताना ती पुटपुटायची, "डोकं सरळ ठेव." ताट वाढताना, "खाय माय, गरम हाय." झोपवताना अंगाई नाही, पण पाठीवर थापटत "झोप, झोप" एवढं तरी. नितेश डोळे वटारायचा. ती म्हणायची, "तुमी पाळा तुमचं. माह्या तोंडाले कुलूप बसत नाई."

नितेशचा धंदा तर चालूच होता. धंदा म्हणजे पोट, त्याला मौन कसं परवडणार? रोज सकाळी पिवळी रिक्षा घरावरून, शाळेवरून, बाजारातून जायची आणि भोंग्यातून नितेशचा आवाज साऱ्या गावभर पसरायचा. कस्तुरी वर्गात मॅडमच्या समोर मांडी घालून बसलेली असायची. खिडकीबाहेरून "ऐका होऽ ऐका, साड्यांचा भव्य सेल" यायचं आणि जायचं. पहिल्या दिवशी तिने खिडकीकडे पाहिलं. मग पाहिनाशी झाली. घरात मुका बाप आणि रस्त्यावर बोलका भोंगा, सहा आठवडे बापाच्या आवाजाची तिच्याशी एवढीच भेट होती. यात काही चुकतंय असं कोणाच्याही मनात आलं नाही.

इंग्रजीचा चमत्कार मात्र डोळ्यांसमोर घडत होता. संध्याकाळी इंगोले मॅडम यायच्या, ओट्यावर बसायच्या, आणि कस्तुरी त्यांच्या गुडघ्याला रेलून बोलत सुटायची. आधी तुटक शब्द, मग वाक्यं, मग नुसता धबधबा. एक दिवस झोपेतून दचकून उठली आणि पडलेलं स्वप्न इंग्रजीतच बडबडली. नितेशने कानात मणी घालून ते ऐकलं. स्वप्नात हत्ती होता आणि तो खिचडी मागत होता. नितेश तोंडावर हात दाबून हसला आणि मग डोळे पुसत बाहेर जाऊन उभा राहिला. त्या क्षणी त्याच्याइतका सुखी माणूस बेलसरीत नव्हता.

पट्टी उतरली त्या दिवशी नितेशने जिलबी आणली. चपला काढल्या, घसा खाकरला. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं त्याने त्या हाकेत ओतलं. "ऐका होऽ ऐका! येऊलांच्या घरची राजकन्या हरवली हाय!"

शेजारच्या घरातली माणसं खिडकीत आली. कस्तुरी कपाटापाशी पाठमोरी बसून हत्ती रंगवत होती. तिचा खडू थांबलासुद्धा नाही.

नितेशने पुन्हा म्हटलं, रंग सावळा, दात दोन पडलेले. खडू चालूच. पल्लवी स्वयंपाकघरातून हळू म्हणाली, "कस्तू, पप्पा बोलावून रायले." पोरीने चटकन मान वर केली. "कोठी हायेत?" तिने वळून पाहिलं, बाप दिसला, त्याचे ओठ हलताना दिसले, आणि ती गोड हसून जिलबीकडे धावली.

"रुसली असन," नितेश म्हणाला. "रुसायचा हक्कच हाय तिचा."

तो रुसवा काही निघेना. समोर बसून बोललं की कस्तुरीला सगळं समजायचं, उत्तरही द्यायची. पाठीमागून हाक मारली की जणू कोणी बोललंच नाही. नितेशने गंमती करून पाहिल्या, चिडून पाहिलं, जवळ घेऊन पाहिलं. "पोट्टी लाडावली" असं तो चारचौघांत म्हणायचा, पण घरी आला की पुन्हा पुन्हा पाठीमागून हाक मारून बघायचा.

मग बाजाराचा दिवस उजाडला. कस्तुरी बोरांच्या ढिगाशी उभी होती, नितेश रस्त्याच्या पलीकडे रिक्षात, आणि पल्लवी भाजीच्या दुकानाशी. गुरांच्या बाजाराकडून आरडाओरडा झाला आणि एक गोऱ्हा दावं तोडून सरळ रस्त्याने उधळत आला. नितेशने रिक्षातूनच गळा फाडून हाक दिली, "कस्तूऽऽ! मांगं सर!" अख्खा बाजार मागे सरला. बोरंवाली सरली, तिची टोपली सरली, दुकानातली गिऱ्हाइकं फळीवर चढली. कस्तुरी शांतपणे बोर निवडत राहिली.

"कस्तू!" पल्लवी किंचाळली. गर्दीच्या गोंगाटात तो आवाज नितेशच्या हाकेच्या पासंगालाही पुरला नसता. पण पोर विजेसारखी वळली आणि आईच्या अंगावर येऊन पडली. गोऱ्हा बोरांचा ढीग तुडवत निघून गेला.

नितेश रिक्षातच बसून राहिला. पोरीचा हा रुसवा नव्हे, हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

कानाचे डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. तेव्हा इंगोले मॅडमनी अमरावतीहून कार्यक्रमाच्या तज्ज्ञ बाईंना बोलावलं. डॉक्टर अन्सारी वयस्क होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कस्तुरीच्या डोक्याला तारांची टोपी घातली आणि पडद्याकडे बघत एकेक आवाज ऐकवला. मॅडमचा आवाज आला की पडद्यावरची रेघ उसळी घ्यायची. पल्लवीचा आला की तशीच, थोडी कमी. अनोळखी माणसाचा आला की छोटी लाट. मग पंख्याची घरघर लावली, रेघ सपाट. मोटारपंप, सपाट. शेवटी नितेश पोरीच्या मागे उभा राहून म्हणाला, "कस्तू, बाई, इकळे पाह्य."

रेघ सपाटच राहिली.

"घरात तुम्ही बोलला नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक शब्द नाई." हे सांगताना अजूनही त्याच्या स्वरात थोडा अभिमान होता.

"आणि बाहेर ही तुमचा आवाज ऐकत होती. भोंग्यातून." डॉक्टरांनी चष्मा काढला. "येऊलसाहेब, त्या सहा आठवड्यांत मेंदूने नुसती भाषेचीच नाही, माणसांचीही मांडणी नव्याने केली. कोणाचा आवाज आपला, कोणाचा परका, आणि कोणता आवाज माणसाचा नाहीच. तुमचा आवाज तिला जिवंत तोंडातून कधी आला नाही. तो रोज एका पेटीतून आला आणि पुढे निघून गेला. मेंदूने तो पंख्याशेजारी ठेवून दिला. तिला तुम्ही ऐकू येता, पण मेंदू तो आवाज तिच्यापर्यंत पोचू देत नाही. समोर असाल तर ती ओठ पाहून, लक्ष देऊन समजून घेईल. पाठीमागून नाही."

"पन आईचा आवाज..."

"आई बोलत होती ना थोडं थोडं. तेवढं पुरतं."

इंगोले मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. "मीच म्हणाले होते, जितकं कमी तितकं चांगलं. मला वाटलं नव्हतं हो, कोणी एवढं खरं करील."

"तुमचं काय चुकलं, मॅडम?" नितेश म्हणाला. "बायको सांगत होती. माह्यातच अक्कल नव्हती."

उपाय होता. पट्टी आणखी एकदा लावता येत होती, पण दहाव्या वर्षाच्या आत, आणि तीही शेवटचीच. पुन्हा जाळी सैल होईल, बापाने रात्रंदिवस पोरीशी बोलावं, आवाज परत आपल्या जागी येईल. मात्र जाळी सैल झाली की सगळ्यांचीच मांडणी हलणार. इंग्रजी अजून कोवळी होती. ती निसटेल, आणि पुन्हा येईल ती पाहुणी म्हणूनच. एकाच वेळी दोन्ही घट्ट बांधता येणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

पल्लवीने रस्त्यातच निकाल दिला. "लावा पट्टी. इंग्रजी गेलं उडत. बापाची हाक ज्या लेकराले आयकू येत नाई, त्याले इंग्रजी घेऊन काय चाटाचं हाय?"

नितेशलाही तेच हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. दुसऱ्या दिवशी तो होकार द्यायलाच शाळेत गेला. वर्गाच्या खिडकीपाशी पोचला तर आत हशा पिकला होता. मॅडम मागच्या बाकावर होत्या आणि पुढे, सगळ्या पोरांसमोर, कस्तुरी तोंडापुढे मूठ धरून उभी होती. नितेशने मणी कानात सरकवला. "ऐका हो ऐका," मण्यातून मराठी आलं, "येऊलांच्या घरची राजकन्या हरवली आहे! रंग सावळा, दात दोन पडलेले!" नितेशने मणी काढून टाकला आणि नुसतं ऐकलं. शब्द एकही कळत नव्हता. पण हेल त्याचा होता, थांबणं त्याचं होतं, शेवटचा लांबवलेला सूरही त्याचाच. पट्टी लागण्याच्या आधी कधीतरी तिने तो उचलून आत कुठेतरी जपून ठेवला होता. आणि तिच्या कानात काहीही नव्हतं. मान ताठ करून, कोणाला न घाबरता ती बोलत होती. नागपूरच्या त्या टेबलासमोर बापाला जे जमलं नव्हतं, ते ती खेळता खेळता करत होती.

नितेश खिडकीपासूनच परत फिरला.

"आपल्याले काय, समोर जाऊन उभं रायलं का झालं," तो घरी पल्लवीला म्हणाला. "चढलेली वेल म्या कोन्या हातानं खाली ओढू?"

"लेकरू वेल नाई वो," पल्लवी म्हणाली. त्यानंतर आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही. आता माहं मौन, एवढंच तिने पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

दहावं वर्ष आलं आणि गेलं. माणूस कशालाही सरावतो. नितेशने टाळी वाजवायला सुरुवात केली, दोन टाळ्या म्हणजे पप्पा. टाळीला कस्तुरी लगेच वळायची. लाईट गेले की मात्र तो मुका व्हायचा, कारण अंधारात ओठ दिसत नाहीत. तिला ताप आला की उशाशी पल्लवी बोलत बसायची आणि तो पायाशी बसून तळवे चोळायचा. एकदा, मोठी झाल्यावर, कस्तुरीनेच विचारलं, "पप्पा, तुमचा आवाज कसा आहे? लोक म्हणतात फार भारी आहे." तो हसला. "गाडीच्या भोंग्यावानी," म्हणाला. ती म्हणाली, "हो, मला तसाच येतो," आणि मग आपण काय बोललो ते कळून तिने त्याचा हात धरला. पोरगी गुणाची होती. पण त्या रात्री नितेश जेवला नाही. शाळेच्या खिडकीपासून आपण एक पाऊल पुढे टाकलं असतं तर, हा विचार त्याला कधी सोडून गेला नाही. पोरीच्या इंग्रजीचं कौतुक झालं की तो सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायचा, आणि त्याच टाळ्यांनी त्याला पुन्हा सगळं आठवायचं.

नागपूरच्या त्याच विमानतळाने कस्तुरीला नोकरी दिली. मुलाखतीत तिलाही म्हणाले, कानातलं काढा. तिने केस मागे सारून दाखवले, कानात काहीच नव्हतं. आधी परदेशात दोन वर्षं शिकायचं आणि मग रुजू व्हायचं. बेलसरीत पेढे वाटले गेले, आणि ती बातमी रिक्षातून नितेशने स्वतः पुकारली.

निघण्याच्या दिवशी पल्लवी स्टँडवर आली नाही. "तठी मले रडू येईन, लोकं पायतीन," म्हणाली आणि दारातच पोरीच्या तोंडावरून हात फिरवला. नितेशने बॅगा चढवल्या. कस्तुरी वाकून पाया पडली, त्याच्या समोर उभी राहिली, आणि तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं. त्याला खूप सांगायचं होतं. तो म्हणाला, "पोचली का फोन करजो." ती हसली आणि गाडीत चढली.

गाडी सुरू झाल्यावर त्याचं लक्ष गेलं. पल्लवीने पहाटे उठून केलेल्या तिळाच्या पोळ्यांचा डबा त्याच्याच हातात राहिला होता. कस्तुरी पलीकडच्या बाजूच्या खिडकीत बसली होती, मान खाली घालून, फोन पाहत. त्याने डबा बगलेत धरून टाळ्या वाजवल्या. स्टँडवरच्या कलकलाटात टाळ्या कुठे ऐकू येणार! तो गर्दीतून वाट काढू लागला. गाडी हलली. आणि मग, तिला ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही, नितेशला राहवलं नाही. मूठ तोंडापुढे गेली.

"ऐका होऽऽ ऐकाऽ! येऊलांच्या घरची राजकन्या हरवली हाय! रंग सावळा, दात दोन पडलेले..."

सगळा स्टँड वळला. चहावाला वळला, तिकिटाच्या रांगेतली माणसं वळली, एक रडणारं तान्हं मूल गप्प झालं. ड्रायव्हरने ब्रेक दाबून खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कस्तुरी तेवढी फोनकडे पाहत होती.

एक म्हातारा हमाल लगबगीने जवळ आला. "नितेश, खरंच कोनाची पोट्टी हरवली का गा?"

"नाई काका." नितेशने डबा त्याच्या हातात दिला. "थे काय, खिडकीपाशी बसली हाय. एवढा डबा द्या तिले. अन् हाक तुमीच मारा. तुमची ऐकन थे."

म्हातारा गाडीला वळसा घालून पलीकडे गेला. दम्याने त्याच्या छातीत धड श्वास मावत नव्हता. खिडकीखाली उभा राहून तो पुटपुटल्यासारखं म्हणाला, "ओ बाई."

कस्तुरी लगेच वळली.